काळजीवाहक (निवासी बालसंस्था)

काळजीवाहक म्हणजे बालगृह, निरीक्षणगृह किंवा तत्सम निवासी संस्थेत मुलांच्या दैनंदिन संगोपनाची प्रत्यक्ष जबाबदारी सांभाळणारा कर्मचारी होय. या पदास गृहमाता किंवा गृहपिता असेही म्हणतात. अधीक्षक, परिविक्षा अधिकारी आणि समुपदेशक ठरावीक वेळी मुलांना भेटतात. काळजीवाहक मात्र दिवसपाळी व रात्रपाळीत त्यांच्या सोबत असतो. त्यामुळे आजार, भीती किंवा अत्याचाराची पहिली चाहूल बहुधा त्यालाच लागते.

पार्श्वभूमी

मुंबईत १८५७ मध्ये स्थापन झालेली डेव्हिड ससून औद्योगिक शाळा ही मुलांसाठीच्या जुन्या निवासी संस्थांपैकी एक होय. १९२४ च्या मुंबई बालक अधिनियमानंतर १९२७ मध्ये चिल्ड्रन्स एड सोसायटी ही संस्था मुंबईत सुरू झाली. सध्या या क्षेत्रास बाल न्याय (मुलांची काळजी व संरक्षण) अधिनियम, २०१५ लागू आहे. तो १५ जानेवारी २०१६ पासून अमलात आला. मुलास संस्थेत ठेवणे हा अखेरचा उपाय असावा, हे या कायद्याचे एक मूलतत्त्व आहे.

भिवंडी

ठाणे जिल्ह्यातील विधिसंघर्षग्रस्त बालकांना बाल न्याय मंडळाच्या आदेशाने भिवंडी येथील निरीक्षणगृहात ठेवले जाते. बोलीभाषेत अशा संस्थेस ‘बालसुधारगृह’ किंवा ‘रिमांड होम’ म्हटले जाते. चौकशी पूर्ण होईपर्यंत मुलाला तात्पुरते ठेवण्याची ही जागा आहे. तो तुरुंग नव्हे.

भिवंडी हे यंत्रमागाचे मोठे केंद्र असून उत्तर भारत व तेलंगणातून आलेली कामगार कुटुंबे येथे राहतात. मराठीबरोबर उर्दू, हिंदी व तेलुगू या भाषाही शहरात बोलल्या जातात. अशा भागातील संस्थेत काळजीवाहकास एकाहून अधिक भाषा येणे उपयोगाचे ठरते. कारण नव्याने दाखल झालेले मूल भेदरलेले असते आणि आपली अडचण स्वतःच्या भाषेतच सांगू शकते.

कामाचे स्वरूप

मुलांना उठवणे, स्नान व जेवणावर देखरेख ठेवणे, औषधे वेळेवर देणे, कपडे व अंथरुणाची स्वच्छता पाहणे, हजेरी घेणे, भांडणे सोडवणे आणि मुलांना रुग्णालयात किंवा मंडळापुढे नेताना सोबत जाणे ही काळजीवाहकाची नेहमीची कामे आहेत. मुलाच्या वागण्यातील बदल त्याने अधीक्षकांना कळवायचे असतात. ही निरीक्षणे मुलाच्या वैयक्तिक काळजी आराखड्यासाठी उपयोगी पडतात. पाळी बदलताना आजारी किंवा अस्वस्थ मुलाची माहिती पुढील कर्मचाऱ्यास देणे महत्त्वाचे असते.

दार बंद आहे की नाही हे पाहणे आणि त्याच दाराआड रडणाऱ्या मुलाची समजूत घालणे ही दोन्ही कामे एकाच व्यक्तीकडे असतात. पहारा व माया यांचा तोल राखणे हा या कामातील सर्वांत कठीण भाग होय. रात्रपाळीत थोड्या कर्मचाऱ्यांवर अनेक मुलांची जबाबदारी असल्यास केवळ पहारा उरतो.

कायदेशीर जबाबदारी

बाल न्याय अधिनियमाच्या कलम ७५ नुसार संस्थेतील कर्मचाऱ्याने ताब्यातील मुलाशी क्रूर वर्तन केल्यास ५ वर्षांपर्यंत सक्तमजुरी व ५ लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. कलम ८२ अन्वये शारीरिक शिक्षा देणे गुन्हा आहे. कलम ७४ मुलाची ओळख उघड करण्यास मनाई करते. लैंगिक अत्याचाराची माहिती मिळाल्यास ती पोलिसांना कळवणे पोक्सो कायद्यानुसार (२०१२) बंधनकारक आहे. संस्थेच्या प्रतिष्ठेसाठी ती दडवता येत नाही.

देखरेख

भिवंडीलगतच्या शहापूर तालुक्यातील कवडास येथील बौद्धिक अक्षमता असलेल्या मुलांच्या निवासी संस्थेतील हालअपेष्टांच्या बातम्यांची मुंबई उच्च न्यायालयाने २०१० मध्ये स्वतःहून दखल घेतली. पुढे राज्यातील अशा संस्थांसाठी डॉ. आशा बाजपेयी यांच्या अध्यक्षतेखाली समन्वय समिती नेमण्यात आली. जी मुले स्वतःची तक्रार मांडू शकत नाहीत, त्यांच्या बाबतीत काळजीवाहकाची दक्षता आणि बाहेरील तपासणी या दोहोंची गरज या प्रकरणाने स्पष्ट केली.