फ्रॅपे फ्रेमवर्क

फ्रॅपे फ्रेमवर्क हे वेब अ‍ॅप्लिकेशन तयार करण्यासाठीचे मुक्तस्रोत फ्रेमवर्क आहे. ते पायथन व जावास्क्रिप्ट या भाषांमध्ये लिहिलेले असून मुंबईतील फ्रॅपे टेक्नॉलॉजीज ही कंपनी आणि अनेक स्वयंसेवी योगदानकर्ते त्याचा विकास करतात. ते एमआयटी परवान्याखाली उपलब्ध आहे. ‘ईआरपीनेक्स्ट’ ही व्यवसाय-व्यवस्थापन प्रणाली याच फ्रेमवर्कवर उभी आहे. माहितीचे स्वरूप एकदा वर्णन केले की तिच्यासाठी लागणारे तक्ते, फॉर्म, याद्या आणि परवानग्यांची व्यवस्था त्या वर्णनावरून तयार होते, हे या फ्रेमवर्कचे मुख्य वैशिष्ट्य होय.

इतिहास

रुषभ मेहता यांनी आपल्या कुटुंबाच्या फर्निचर व्यवसायाच्या गरजांमधून हे काम सुरू केले. फ्रेमवर्कची सुरुवात 2005 मध्ये झाली. माहिती कशी दिसते याबरोबरच तिचा अर्थ काय हेही संगणकाला सांगता यावे, या ‘सिमँटिक वेब’च्या कल्पनेचा प्रभाव त्याच्या रचनेवर आहे. कंपनीची स्थापना 2008 मध्ये झाली. कंपनीचे पूर्वीचे नाव ‘वेब नोट्स टेक्नॉलॉजीज’ असे होते.

रचना

सर्व्हरवरील भाग पायथनमध्ये, तर ब्राउझरमधील भाग जावास्क्रिप्टमध्ये चालतो. माहिती साठवण्यासाठी प्रामुख्याने मारियाडीबी हा डेटाबेस वापरतात. तात्पुरता साठा आणि पार्श्वभूमीत चालणारी कामे यांसाठी रेडिस वापरले जाते. स्थापना, अद्ययावतीकरण व नवीन साइट तयार करणे ही कामे ‘बेंच’ या साधनाने होतात. एकाच बेंचमध्ये अनेक साइट चालवता येतात व प्रत्येक साइटचा डेटाबेस स्वतंत्र असतो.

डॉकटाइप

डॉकटाइप हा फ्रेमवर्कचा मूलभूत घटक आहे. एका प्रकारच्या नोंदीत कोणती क्षेत्रे आहेत, त्यांपैकी कोणती अनिवार्य आहेत, नोंदीला नाव कसे द्यायचे आणि ती कोण पाहू शकतो, हे सर्व त्यात नमूद केलेले असते.

उदाहरणार्थ, सोलापुरातील एखाद्या यंत्रमाग कारखान्याला चादरी व टॉवेल यांच्या मागण्या नोंदवायच्या आहेत असे मानू. ‘मागणी’ या डॉकटाइपमध्ये ग्राहक, दिनांक व एकूण रक्कम ही क्षेत्रे असतील. ग्राहक हे क्षेत्र ‘लिंक’ प्रकारचे ठेवल्यास ते ‘ग्राहक’ या दुसऱ्या डॉकटाइपशी जोडले जाते, त्यामुळे एकाच व्यापाऱ्याचे नाव तीन प्रकारे लिहिले जाण्याचा प्रश्न उरत नाही. नमुना, आकार, नग व दर यांच्या ओळींसाठी ‘चाइल्ड टेबल’ वापरतात. एवढे वर्णन जतन केले की डेटाबेसमधील तक्ता, नोंद भरण्याचा फॉर्म, शोधता येणारी यादी आणि इतर प्रणालींना जोडण्यासाठीचा रेस्ट एपीआय वेगळी आज्ञावली न लिहिता उपलब्ध होतो.

उपयुक्त वैशिष्ट्ये

• भूमिका व परवानग्या: वाचणे, लिहिणे, नवीन नोंद करणे व नोंद खोडणे यांचे अधिकार भूमिकेनुसार ठरतात. एखाद्या विक्रेत्याला ठरावीक ग्राहकांच्याच नोंदी दिसतील अशी मर्यादाही घालता येते.
• सादर करण्याजोग्या नोंदी: अशी नोंद मसुदा, सादर व रद्द या तीन अवस्थांतून जाते. सादर केलेली नोंद सहसा बदलता येत नाही. ती रद्द करून सुधारित प्रत काढावी लागते. हिशेबाच्या कागदपत्रांसाठी ही शिस्त महत्त्वाची असते.
• बदलांचा मागोवा: कोणी, केव्हा, कोणते क्षेत्र बदलले याची नोंद ठेवता येते.
• मुद्रण नमुने: जिंजा साच्यांच्या साहाय्याने पावती किंवा बीजक पीडीएफ स्वरूपात मिळते.
• भाषांतर: प्रत्येक वापरकर्त्याला स्वतःची भाषा निवडता येते आणि भाषांतरे जोडता येतात. मराठी, तेलुगू व कन्नड या तिन्ही भाषा बोलल्या जाणाऱ्या सोलापूरसारख्या शहरात ही सोय विशेष उपयोगी ठरते.
• हुक: मूळ अ‍ॅपची आज्ञावली न बदलता दुसऱ्या अ‍ॅपमधून तिच्या वर्तनात भर घालता येते.

शिकताना घ्यावयाची काळजी

फ्रेमवर्कने दिलेल्या सोयी त्याच्या ठरलेल्या मार्गाने गेल्यासच लागू होतात. वरील उदाहरणात एकूण रक्कम केवळ ब्राउझरमधील स्क्रिप्टने काढली, तर रेस्ट एपीआयने किंवा फाइलमधून आयात केलेल्या मागण्यांत ती चुकीची किंवा रिकामी राहील. त्यामुळे असा हिशेब सर्व्हरवरील ‘व्हॅलिडेट’ या पद्धतीत करणे योग्य असते.

‘गेट लिस्ट’ हे फंक्शन वापरकर्त्याच्या परवानग्या तपासूनच नोंदी देते, तर ‘गेट ऑल’ परवानग्या तपासत नाही. दोन्ही दिसायला सारखी असल्याने नवशिक्याकडून एकाच्या जागी दुसरे वापरले जाते आणि एका विक्रेत्याला दुसऱ्याचे ग्राहक दिसू लागतात. डेटाबेसमध्ये थेट मूल्य लिहिणारे ‘सेट व्हॅल्यू’ हे फंक्शनही ‘व्हॅलिडेट’मधील तपासणी टाळून जाते. ‘व्हाइटलिस्ट’ केलेले कोणतेही फंक्शन वेबवरून बोलावता येते. पाहुण्यांना मुभा दिल्यास त्यासाठी लॉगिनही लागत नाही. म्हणून अशा फंक्शनमध्ये परवानगीची तपासणी स्वतः करावी लागते.

‘डेव्हलपर मोड’ चालू असताना अ‍ॅपमधील डॉकटाइपचे वर्णन जेसन फाइलमध्ये जतन होते व ते गिटमध्ये ठेवून दुसऱ्या संगणकावर नेता येते. तो बंद असताना केलेला डॉकटाइप केवळ त्या साइटच्या डेटाबेसमध्ये राहतो.

मर्यादा

बेंच लिनक्स व मॅकओएस यांवर चालते. विंडोजवर त्यासाठी डब्ल्यूएसएल किंवा डॉकर यांचा आधार घ्यावा लागतो. नोंदींवर आधारित व्यवस्थापनासाठी हे फ्रेमवर्क सोयीचे असले, तरी केवळ काही पानांच्या साध्या संकेतस्थळासाठी त्याची रचना अवजड ठरू शकते.