ईव्हीचा पिकअप: ‘चिल’ ठेवावा की ‘स्टँडर्ड’?

इलेक्ट्रिक गाडी घेताना रेंज किती, चार्जिंगला वेळ किती, बॅटरीची वॉरंटी किती, हे सगळे विचारतात. स्क्रीनवरच्या एका छोट्या पर्यायाकडे मात्र कुणाचं फारसं लक्ष जात नाही. तो म्हणजे पिकअप मवाळ ठेवायचा की नेहमीचा. टेस्लाने २०१७ च्या अखेरीस सॉफ्टवेअर अपडेटमधून हा पर्याय दिला. मवाळ पिकअपला नाव दिलं ‘चिल’, नेहमीच्याला ‘स्टँडर्ड’. जुलै २०२५ मध्ये टेस्लाने मुंबईत शोरूम उघडून मॉडेल वाय विकायला घेतली, तेव्हापासून हे शब्द आपल्याकडेही कानावर पडू लागले.

सोय मात्र आपल्याकडे नवी नाही. जानेवारी २०२० मध्ये आलेल्या पहिल्या नेक्सॉन ईव्हीत साधा ड्राइव्ह आणि स्पोर्ट असे दोनच मोड होते. नंतरच्या नेक्सॉनमध्ये इको, सिटी, स्पोर्ट असे तीन झाले. क्रेटा इलेक्ट्रिकमध्ये इको, नॉर्मल, स्पोर्ट आहेत. महिंद्राच्या एक्सयूव्ही ४०० मध्ये फन, फास्ट, फिअरलेस अशी जरा फिल्मी नावं आहेत. नावं काहीही असोत, प्रश्न एकच: पाय जेवढा दाबला तेवढी ताकद गाडीने लगेच द्यायची, की हात राखून?

नेमकं बदलतं काय?

पेट्रोल इंजिनाला जोर धरायला फेरे वाढवावे लागतात. इलेक्ट्रिक मोटर उभ्या जागेवरूनच जवळपास पूर्ण जोर देऊ शकते. नेक्सॉन ईव्हीच्या मोठ्या बॅटरीच्या मॉडेलला शून्य ते शंभरसाठी ८.९ सेकंद लागतात आणि मॉडेल वायच्या भारतातल्या मूळ मॉडेलला ५.९ सेकंद, असा कंपन्यांचा दावा आहे. पंधरा वर्षं मारुती किंवा सँट्रो चालवलेल्या माणसाच्या पायाला याची सवय नसते. सवयीने पेडल दाबलं की गाडी उसळी घेते.

मवाळ मोडमध्ये गाडीचा कॉम्प्युटर मोटरला मिळणारा जोर हळूहळू वाढवतो. बॅटरी तीच, मोटर तीच, फक्त पायाचा हुकूम सौम्य करून पुढे पाठवला जातो. पण इथे एक फरक नीट समजून घ्यावा. टेस्लाचा ‘चिल’ हा पिकअपपुरता असतो. आपल्याकडच्या बऱ्याच गाड्यांतला ‘इको’ त्याहून जास्त काही करतो. काहींत एसीचा जोर कमी होतो, काहींत कमाल वेगालाही लगाम बसतो. त्यामुळे चिल म्हणजेच इको असं धरून चालू नये. आपल्या गाडीत इको काय काय कमी करतो, ते गाडीबरोबर मिळालेल्या पुस्तिकेत वाचावं.

रेंज वाढते का?

बहुतेक लोक मवाळ मोड लावतात ते रेंजसाठी. तिथेच अपेक्षा चुकते.

१,६०० किलोची गाडी शून्यावरून ८० च्या वेगाला नेण्यासाठी साधारण ०.११ युनिट वीज लागते. घरच्या मीटरवर मोजतो तेच हे युनिट. हा वेग सहा सेकंदांत गाठा की पंधरा, गाडीच्या अंगात साठणारी ही ऊर्जा तेवढीच. झटक्यात गाठला तर करंट जास्त वाहतो आणि तारांत, मोटरमध्ये उष्णता होऊन थोडी वीज जादा वाया जाते, एवढंच. म्हणजे नुसता मोड बदलून मोठी बचत होत नाही.

मग मवाळ मोडमध्ये रेंज वाढल्याचा अनुभव लोक सांगतात, तो खोटा का? नाही. हैदराबाद किंवा इंदूरच्या गर्दीत दोन सिग्नलच्या मध्ये स्टँडर्डवर गाडी सहज ६० ला पोहोचते आणि लगेच ब्रेक मारावा लागतो. मवाळ मोडवर तीच गाडी ४५ पर्यंतच जाते. ब्रेक मारताना मोटर उलट चालून काही वीज बॅटरीत परत टाकते, पण सगळी नाही. जे कमावलंच नाही ते घालवावंही लागत नाही, म्हणून बचत होते. थोडक्यात, ती मोडची कमी आणि ड्रायव्हरच्या बदललेल्या चालीची जास्त. शांत पायाच्या माणसाला स्टँडर्डवरही तेवढीच रेंज मिळेल.

हायवेवर तर हा फरक जवळपास पुसला जातो. अहमदाबाद–वडोदरा एक्स्प्रेस-वेवर ठरावीक वेगाने जाताना पिकअपचा संबंधच येत नाही. तिथे बॅटरी खातो तो वारा. वेग ८० वरून १०० केला की हवेचा विरोध दीडपटीहून जास्त होतो. चिल लावून १०० ने पळवण्यापेक्षा स्टँडर्डवर ८५ ने गेलेलं बॅटरीला परवडतं.

घाटाचंही तसंच. साखळी–केरीकडून चोर्ला घाट चढून बेळगावला यायचं तर घाटमाथा समुद्रसपाटीपासून सुमारे ८०० मीटर उंच. गाडी आणि चार माणसं मिळून १,८०० किलो वजन तेवढं वर उचलायला जवळपास ४ युनिट लागतात. मोड कुठलाही असो, या चार युनिटांतून सुटका नाही.

ओव्हरटेकचं गणित

खरी काळजी घ्यायची ती इथे. जांबोटी–कणकुंबीचा रस्ता असो की आंबोलीचा, दुभाजक नसलेल्या रस्त्यावर ट्रक ओलांडताना समोरून ६० ने बस येत असेल आणि आपणही ६० ला असू, तर दोघांमधलं अंतर दर सेकंदाला ३३ मीटरने घटतं. मवाळ मोडमुळे ओव्हरटेकला दोन सेकंद जास्त लागले तर ६६ मीटर गेले. घाटातल्या वळणावर एवढा रस्ता धड दिसतही नाही.

काही गाड्यांत पेडल तळापर्यंत दाबलं की मवाळ मोडमध्येही पूर्ण जोर मिळतो, काहींत मिळत नाही. आपली गाडी कुठल्या प्रकारातली, हे ट्रकच्या बाजूला गेल्यावर कळून उपयोग नाही. मोकळ्या सरळ रस्त्यावर आधीच करून पाहावं. काही गाड्या बंद करून सुरू केल्या की आपोआप मूळ मोडवर येतात, तर काही शेवटचा मोड लक्षात ठेवतात. घरात एक गाडी दोघं चालवत असतील तर ही गोष्ट महत्त्वाची आहे. मुलाने रात्री स्पोर्टवर ठेवलेली गाडी सकाळी वडील अरुंद बोळातून मागे घेत असतील, तर ओळखीचं पेडल अनोळखी वागतं. गाडी हलवण्याआधी स्क्रीनवर मोड बघायची सवय सगळ्यांनीच लावलेली बरी.

मवाळ मोड कुणाच्या फायद्याचा?

माणसांच्या, मुख्यतः मागे बसलेल्या. पेट्रोल गाडीत इंजिनाचा आवाज चढला की मागच्या माणसाला झटक्याची कल्पना येते, नकळत तो सावरून बसतो. ईव्हीत आवाज नसतो, झटका थेट मानेला कळतो. वयस्क मंडळी, मानेचा-कमरेचा त्रास असलेले, ज्यांना गाडी लागते असे, आणि मांडीवर मूल घेतलेली आई (खरं तर मुलासाठी वेगळी चाइल्ड सीटच हवी) यांच्यासाठी मवाळ मोड लावण्यात काही कमीपणा नाही. मात्र गाडी लागण्यामागे पिकअपपेक्षा पेडल सोडल्यावर बसणारा ओढा जास्त असतो. तेव्हा अशा प्रवासात रीजनची पातळीही खाली आणावी. नव्या नेक्सॉनमध्ये त्यासाठी स्टिअरिंगमागे पॅडल आहेत.

पावसाळ्यातही मवाळ मोड कामाला येतो. गोव्यात आणि सिंधुदुर्गात जूनच्या पहिल्या पावसात रस्त्यावर तांबडी माती आणि तेलाचा थर येतो. पुढच्या चाकांवर चालणाऱ्या ईव्हीला तिथे एकदम जोर दिला की चाकं जागेवर फिरतात. ट्रॅक्शन कंट्रोल सावरतो, पण टायर घासतातच. ईव्हीचे टायर वजनामुळे तसेही लवकर झिजतात.

नव्याने गाडी शिकलेल्यांसाठी आणि पार्किंगमध्ये गाडी लावतानाही मवाळ मोडच बरा. घाबरून ब्रेकऐवजी ॲक्सिलरेटरवर पाय पडला, तर सावरायला निदान थोडी सवड मिळते.

उतारावर मोडपेक्षा बॅटरी किती भरली आहे ते आधी बघावं. आंबोलीत मुक्कामाला रात्रभर चार्जिंग करून सकाळी थेट सावंतवाडीकडे उतरायचं असेल, तर १०० टक्के भरू नये. भरलेल्या बॅटरीत परत येणाऱ्या विजेला जागा नसते, रीजन कमी होतं आणि सगळा भार साध्या ब्रेकवर येतो.

गावात आणि घरच्यांबरोबर मवाळ, दुभाजक नसलेल्या लांबच्या रस्त्याला लागण्याआधी स्टँडर्ड, अशी वाटणी बहुतेकांना सोयीची पडेल. गाडी अजून घ्यायची असेल तर टेस्ट ड्राइव्हला एकट्याने जाऊ नये. शोरूमवाले बहुधा स्पोर्टवरच फिरवून आणतात. घरात ज्याला गाडी लागते त्याला मागे बसवावं आणि दोन्ही मोडवर एकेक फेरी मारून त्यालाच विचारावं.