दंतवैद्यक आणि तंबाखूमुक्ती (भंडारा जिल्हा)

बिडी, सिगारेट किंवा खर्रा सोडू पाहणाऱ्या रुग्णाला दातांच्या डॉक्टरांनी तपासणीच्या खुर्चीवरच केलेली मदत. तंबाखूच्या पहिल्या खुणा तोंडात उमटतात आणि दाढ ठणकली की माणूस आपणहून दवाखान्याची पायरी चढतो, म्हणून ही संधी दंतवैद्याला आधी मिळते.

भंडारा जिल्ह्यात बिडी हे व्यसन आहे तसे पोटापाण्याचे साधनही. उन्हाळ्यात जंगलातून तेंदूपत्ता तोडायचा, घरी बिड्या वळायच्या, यावर इथली कित्येक कुटुंबे जगली. तेंदूच्या पानातून हवा कमी खेळते. बिडी विझू नये म्हणून झुरके भराभर घ्यावे लागतात. त्यामुळे तंबाखू थोडी असली तरी 'सिगारेटपेक्षा बिडी बरी' हा समज चुकीचा ठरतो. खर्र्याचा पसारा मात्र धुराहून मोठा. २०१६-१७ च्या जागतिक प्रौढ तंबाखू सर्वेक्षणात महाराष्ट्रातील ३.८ टक्के प्रौढ धूम्रपान करणारे, तर २४.४ टक्के धूरविरहित तंबाखू वापरणारे आढळले. राज्याने २०१२ मध्ये गुटख्यावर बंदी घातली, तरी सुपारी, तंबाखू आणि चुना पन्नीत घोटून पानठेल्यावर केला जाणारा खर्रा चालूच राहिला. बिडी सुटली आणि खर्रा लागला तर रुग्णाच्या हाती काहीच पडत नाही, म्हणून दोन्हींची विचारपूस एकदमच करावी लागते.

धूम्रपानाने हिरड्यांचा रक्तपुरवठा आकसतो. रक्त येत नाही म्हणून हिरड्या ठणठणीत वाटतात आणि आत हाड झिजत राहते. सुपारीने गाल आतून ताठरतात. रुग्णाला स्वतःचीच तीन बोटे उभी धरून तोंडात घालायला सांगावे. ती शिरत नाहीत हे त्याला तिथेच कळते. हातात आरसा देऊन गालातला पांढरा चट्टा दाखवला, तर लांबलचक उपदेशाची गरज उरत नाही. दाढ काढल्यावर बिडी ओढली तर रक्ताची गाठ सुटून खड्डा कोरडा पडतो आणि भयंकर ठणकतो. या भीतीने पाळलेले दोन-चार दिवस हाच सोडण्याचा मुहूर्त ठरवता येतो.

समुपदेशनाला निकोटिनच्या च्युइंगमची किंवा पट्टीची जोड मिळाल्यास सोडणाऱ्यांचे प्रमाण वाढते, असे वैद्यकीय संशोधनाचे आढावे घेणाऱ्या कोक्रेन संस्थेच्या २०२१ च्या आढाव्यात दिसले. च्युइंगम सतत चघळायचे नसते. जीभ चुरचुरली की गालात दाबून ठेवायचे, आणि त्याआधी पाव तास चहा टाळायचा. तोंड उघडत नसेल त्याला पट्टी बरी.

केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने दंत महाविद्यालयांतील तंबाखूमुक्ती केंद्रांसाठी २०१८ मध्ये मार्गदर्शक सूचना काढल्या. भंडाऱ्याला जवळचे मोठे सरकारी दंत महाविद्यालय नागपूरचे. राष्ट्रीय मदतवाहिनी १८००-११-२३५६ निःशुल्क आहे. तलफ पहिल्या आठवड्यात सर्वाधिक छळते, तेव्हा पुढची भेट त्याच आठवड्यात ठेवावी. घरात बिड्या वळल्या जात असतील, तर तंबाखूचे सूप रुग्णाच्या नजरेआड कुठे ठेवायचे, हेही घरच्यांशी बोलून ठरवावे लागते.