रक्ताभिसरण संस्था (प्राणी)

रक्ताभिसरण संस्था ही प्राण्यांच्या शरीरातील वहन संस्था आहे. पेशींना ऑक्सिजन, पोषकद्रव्ये व संप्रेरके पुरवणे आणि त्यांच्यापासून कार्बन डायऑक्साइड व अन्य टाकाऊ पदार्थ दूर नेणे ही तिची प्रमुख कार्ये होत. रक्त, रक्तवाहिन्या आणि हृदय हे तिचे मुख्य घटक आहेत.

आवश्यकता

हायड्रा, चपटकृमी यांसारख्या लहान वा पातळ शरीराच्या प्राण्यांत रक्त नसते. त्यांच्या पेशींना विसरणाने ऑक्सिजन मिळतो. मात्र विसरणास लागणारा वेळ अंतराच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. अंतर दहापट झाल्यास वेळ शंभरपट लागतो. त्यामुळे मोठ्या प्राण्याच्या शरीरात खोलवर असलेल्या पेशी केवळ विसरणावर जगू शकत नाहीत.

प्रकार

खुल्या रक्ताभिसरणात रक्तद्रव वाहिन्यांतून बाहेर पडून देहगुहेत येतो व ऊतींना थेट भिजवतो. कीटक, कोळी, खेकडे आणि बहुतेक मृदुकाय प्राण्यांत हा प्रकार आढळतो. यात दाब कमी व प्रवाह मंद असतो. तरीही कीटक वेगाने उडू शकतात, कारण त्यांच्यात ऑक्सिजन रक्तामार्फत नव्हे, तर श्वासनलिकांच्या जाळ्यातून ऊतींपर्यंत पोहोचतो.

बंद रक्ताभिसरणात रक्त वाहिन्यांमध्येच राहते. धमन्या ते हृदयापासून दूर नेतात, नीला ते परत आणतात आणि दोहोंना जोडणाऱ्या अतिसूक्ष्म केशवाहिन्यांच्या पातळ भित्तिकांतून पदार्थांची देवाणघेवाण होते. गांडूळ, ऑक्टोपस व पृष्ठवंशीय प्राणी यांत हा प्रकार असतो.

पृष्ठवंशीयांचे हृदय

माशांच्या हृदयात एक अलिंद व एक निलय असते. रक्त कल्ल्यांमधून थेट शरीराकडे जाते; कल्ल्यांतील केशवाहिन्या ओलांडताना त्याचा दाब घटतो. उभयचरांत दोन अलिंदे व एक निलय असते. बहुतेक सरीसृपांत निलयाचे विभाजन अपूर्ण असते. मगरींत ते पूर्ण असते. पक्षी व सस्तन प्राण्यांचे हृदय चार कप्प्यांचे असते. उजवी बाजू फुप्फुसांकडे आणि डावी बाजू उर्वरित शरीराकडे रक्त ढकलते. त्यामुळे ऑक्सिजनयुक्त व ऑक्सिजनविरहित रक्त मिसळत नाही आणि फुप्फुसांच्या नाजूक वाहिन्यांवर अधिक दाब न येता शरीराला जोरदार प्रवाह मिळतो.

रक्त व रंगद्रव्ये

मानवी रक्तात सुमारे ५५ टक्के रक्तद्रव असतो; उर्वरित भाग मुख्यतः लोहित रक्तकणिकांचा असतो. श्वेत रक्तकणिका संसर्गाचा प्रतिकार करतात, तर रक्तपट्टिका रक्त गोठण्यास मदत करतात. सस्तन प्राण्यांच्या परिपक्व लोहित रक्तकणिकांत केंद्रक नसते. पक्षी व बेडूक यांच्या कणिकांत ते असते.

पृष्ठवंशीयांच्या रक्ताचा लाल रंग लोहयुक्त हिमोग्लोबिनमुळे येतो. गांडुळात हिमोग्लोबिन कणिकांत नसून रक्तद्रवात विरघळलेले असते. ऑक्टोपस व खेकड्यांत तांबेयुक्त हिमोसायनिन असते. ऑक्सिजनशी संयोग झाल्यावर ते निळे दिसते. अंटार्क्टिक समुद्रातील हिममाशांच्या रक्तात हिमोग्लोबिनच नसते. थंड पाण्यात अधिक ऑक्सिजन विरघळतो आणि तो मोठे हृदय व रक्ताचे अधिक आकारमान यांच्या साहाय्याने ऊतींपर्यंत नेला जातो.

संशोधनाचा इतिहास

यकृतात अन्नापासून रक्त सतत तयार होते व शरीरात वापरले जाते, हे गेलन यांचे मत युरोपात दीर्घकाळ प्रचलित होते. इंग्लिश वैद्य विल्यम हार्वे यांनी हृदयातून बाहेर पडणाऱ्या रक्ताचा हिशेब मांडला. अर्ध्या तासातच ते रक्त शरीरातील एकूण रक्ताहून अधिक भरते. एवढे रक्त अन्नापासून तयार होणे अशक्य असल्याने तेच रक्त पुन्हा फिरत असले पाहिजे, असा निष्कर्ष त्यांनी १६२८ मध्ये प्रसिद्ध केला. नीलांमधील झडपा रक्त हृदयाच्याच दिशेने जाऊ देतात, हेही त्यांनी दाखवले. धमन्यांतील रक्त नीलांत कसे जाते, हे मात्र त्यांना पाहता आले नाही. हार्वे यांच्या निधनानंतर चार वर्षांनी, १६६१ मध्ये, मार्चेल्लो माल्पिगी यांनी बेडकाच्या फुप्फुसातील केशवाहिन्या सूक्ष्मदर्शकाखाली पाहिल्या आणि हा दुवा पूर्ण झाला.