सांगणं आणि ऐकणं : संज्ञापनाच्या शिक्षणाचा इतिहास, बार्शीतून पाहिलेला

बारावी झालेलं पोर घरी सांगतं, 'मला मास कम्युनिकेशन करायचंय,' आणि घरातून पहिला प्रश्न येतो, 'म्हणजे टीव्हीवर दिसणार का?' या प्रश्नाला हसण्यात अर्थ नाही, त्यामागे पोटापाण्याची काळजी आहे. आज आपण इतिहासात त्याचं उत्तर शोधू. आणि त्यासाठी बार्शी सोडून फार लांब जावं लागत नाही, असं आमचं म्हणणं आहे.

१८३२ साली बाळशास्त्री जांभेकरांनी 'दर्पण' सुरू केलं, तेव्हा पत्रकारिता शिकवणारं कॉलेज नव्हतं. पुढची शंभर वर्षं हा धंदा छापखान्यातच शिकला गेला. खिळे जुळवायचे, मुद्रितं तपासायची, संपादकाची बोलणी खायची, झालं शिक्षण. १९४१ साली लाहोरला पंजाब विद्यापीठात पत्रकारितेचा अभ्यासक्रम आला, १९५२ मध्ये नागपूरच्या हिस्लॉप कॉलेजात, आणि १९६४ मध्ये पुणे विद्यापीठाचा विभाग सुरू झाला. तोच आपण 'रानडे इन्स्टिट्यूट' म्हणून ओळखतो. या विभागाच्या नावात आज 'संज्ञापन' आधी आहे आणि 'वृत्तपत्रविद्या' नंतर. हा बदल फक्त नावाचा नाही. बातमी लिहिणं हा एका मोठ्या विषयाचा एक भाग आहे, हे त्यात मान्य केलेलं आहे.

तो मोठा विषय कोणता? १९५६ साली आकाशवाणीच्या पुणे केंद्राने युनेस्कोच्या मदतीने एक प्रयोग केला. महाराष्ट्रातल्या पाच जिल्ह्यांतल्या दीडशे गावांत शेतकऱ्यांचे श्रोतागट केले. आठवड्यातून दोनदा अर्ध्या तासाचा कार्यक्रम ऐकायचा, मग त्यावर आपसात चर्चा करायची, आणि प्रश्न केंद्राकडे पाठवायचे. पॉल न्यूरथ यांनी त्याचं मूल्यमापन केलं. गट असलेल्या गावांत लोकांची माहिती चांगलीच वाढली. नुसता रेडिओ होता, पण गट नव्हता, तिथे फारसा फरक पडला नाही. म्हणजे काय, तर यंत्र गावात पोचलं म्हणून निरोप पोचला असं होत नाही. ऐकणाऱ्याला उलट बोलायची सोय हवी.

आता बार्शीत येऊ. १९८७ साली इथे देशातली पहिली ग्रामीण कर्करोग नोंदणी सुरू झाली. बार्शी, परांडा आणि भूम तालुक्यांतली ३४६ गावं तिच्यात होती. अडचण अशी, की खेड्यातला रुग्ण दवाखान्यापर्यंत येतच नसे. मग नोंद करायची कुणाची? म्हणून कार्यकर्ते गावोगाव गेले. लोकांशी बोलले, लक्षणं समजावून सांगितली, संशय वाटला तर बार्शीला या म्हणून विनवलं. पुढे १९९५ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसलं, की गर्भाशयमुखाच्या कर्करोगाच्या बायका आता आधीच्या टप्प्यात येऊ लागल्या होत्या. तेव्हा गावात नवं यंत्र आलं नव्हतं. बोलणारं माणूस आलं होतं.

१९९९ पासून शेजारच्या तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यात सव्वा लाखाहून जास्त बायकांचा मोठा अभ्यास झाला. २००९ मध्ये निष्कर्ष आले. एचपीव्ही चाचणीच्या गटात या कर्करोगाने ३४ मृत्यू, आणि जवळपास तेवढ्याच मोठ्या, तपासणी न झालेल्या गटात ६४. चाचणी प्रयोगशाळेत होते हे खरं, पण तिथवर नमुना यायचा तर आधी कुणीतरी उंबऱ्यावर बसून, लाज आणि भीती ओळखून, बाईशी बोलावं लागतं.

आणि इथेच एक बोचणारी गोष्टही सांगायला हवी. ज्या गटाची तपासणी झाली नाही, त्यातल्या बायकांना संमती घेताना पुरेसं सांगितलं होतं का, यावरून पुढे टीका झाली. त्या ६४ जणींकडे पाहिलं की कळतं, काय सांगितलं याच्याइतकंच काय सांगायचं राहिलं यालाही वजन असतं. संज्ञापनाच्या वर्गात हा धडा माध्यमांच्या तंत्राआधी शिकवायला हवा, असं आम्हाला वाटतं.

तर आता घरच्या त्या प्रश्नाकडे. टीव्हीवर दिसणारे थोडे असतात. बाकीचे वर्तमानपत्रात, आकाशवाणीत, सरकारी माहिती खात्यात, जनसंपर्कात, सामुदायिक रेडिओत, आणि आरोग्य वा शेतीच्या प्रकल्पांत काम करतात. आज सोलापूरच्या विद्यापीठातही हा विषय शिकता येतो. पदवी घेतली की नोकरी ठरलेली, असं आम्ही म्हणणार नाही. सुरुवातीला पगार बेताचाच असतो, हेही खरं. पण मराठी नीट लिहिता येणारं, आणि परांड्याच्या एखाद्या आजीचं म्हणणं मध्ये न तोडता ऐकून घेणारं माणूस या सगळ्या ठिकाणी लागतं. अशा माणसाला बार्शीत काम नाही, असं निदान इथला इतिहास तरी सांगत नाही.

इथे थांबू. आता तुमचे प्रश्न घेऊ.