पट्टा कोणाचा?

जून २०२२ मध्ये अमरावती-अकोला महामार्गावर लोणी ते माना असा ७५ किलोमीटरांचा पट्टा १०५ तास ३३ मिनिटांत डांबरी होऊन जागतिक विक्रम झाला. आम्हां वऱ्हाडकरांना अभिमान वाटलाच. पण पट्ट्यावर पहिला हक्क कोणाचा? अमेरिकेत वॉशिंग्टनजवळच्या शर्ली महामार्गावर १९६९ साली मधला मार्ग केवळ बसगाड्यांसाठी राखला. डिसेंबर १९७३ मध्ये चौघे बसलेल्या मोटारीलाही तेथे मुभा मिळाली. वाहने सोडून माणसे मोजण्याची ही रीत. पुण्यानेही २००६ साली बसला वेगळा मार्ग दिला. त्यात दुचाकीस्वार खुशाल घुसले, हा भाग निराळा! आमची काळीपिवळी दहा जणांना दाटीवाटीने नेते, शेजारून एकट्या मालकाची मोटार जाते. रस्त्याच्या हिशेबी दोन्ही एकेक वाहनच. वऱ्हाडात राखीव पट्टा झालाच, तर तो आधी काळीपिवळीला द्यावा, असे आम्ही म्हणू.