कार्नेट

कार्नेट : परदेशात नोंदलेले वाहन आयातशुल्क न भरता ठरावीक मुदतीसाठी दुसऱ्या देशात नेता यावे म्हणून दिले जाणारे आंतरराष्ट्रीय हमीपत्र. पूर्ण फ्रेंच नाव ‘कार्ने द पासाज आँ दुआन’. ‘गाडीचा पासपोर्ट’ हे त्याचे प्रचलित वर्णन सोयीचे असले तरी फसवे आहे. कार्नेट हातात असले म्हणून गाडी रस्त्यावर चालवण्याचा परवाना मिळत नाही, विमाही उतरत नाही आणि चालकाचा व्हिसा तर वेगळाच काढावा लागतो. आत आलेली गाडी मुदतीत बाहेर गेली नाही तर तिच्यावरचे शुल्क कोण भरणार, एवढ्या एकाच प्रश्नाची सोय त्यात केलेली असते.

ही हमी साखळीने चालते. गाडीमालक आपल्या देशातील मोटार संघटनेकडे रोख अनामत किंवा बँक गॅरंटी ठेवतो. ती संघटना कार्नेट देते आणि ज्या देशात गाडी जाते तेथील संघटना कस्टमला जबाबदार राहते. या संघटनांना जोडणारी शिखर संस्था म्हणजे पॅरिसची एफआयए; फॉर्म्युला वन शर्यतींचे नियम करणारी तीच. मुंबईत चर्चगेटला कार्यालय असलेली, १९१९ मध्ये स्थापन झालेली वेस्टर्न इंडिया ऑटोमोबाइल असोसिएशन ही भारतात कार्नेट देणाऱ्या संघटनांपैकी एक. अनामतीची रक्कम गाडीच्या किमतीवर आणि वाटेतल्या देशांच्या शुल्कदरांवर ठरते. त्यामुळे जबर आयातशुल्क लावणारा एखादाच देश वाटेत आला, तरी अनामतीचा आकडा फुगतो.

या व्यवस्थेला कायद्याचा आधार आहे तो संयुक्त राष्ट्रांच्या विद्यमाने ४ जून १९५४ रोजी न्यूयॉर्क येथे झालेल्या, खासगी वाहनांच्या तात्पुरत्या आयातीविषयीच्या कराराचा. तो १९५७ च्या डिसेंबरात अमलात आला. भारत त्यात सामील आहे. व्यापारी वाहनांसाठी १९५६ चा जिनिव्हा करार आहे, तर १९९० च्या इस्तंबूल करारात तात्पुरत्या आयातीचे अनेक प्रकार एकत्र आणले गेले.

कार्नेटची वही साधारणपणे पाच, दहा किंवा पंचवीस पानांची असते आणि एक वर्ष चालते. दर देशाला एक पान लागते आणि त्या पानाचे तीन आडवे भाग असतात. गाडी आत येताना कस्टमचा अधिकारी चासी नंबर आणि इंजिन नंबर ताडून पाहतो, खालचा भाग फाडून ठेवून घेतो आणि वरच्या स्थळप्रतीवर आगमनाचा शिक्का मारतो. बाहेर पडताना मधला भाग फाडला जातो आणि त्याच स्थळप्रतीवर निर्गमनाचा शिक्का बसतो. एका पट्टीवर दोन शिक्के पडले की त्या देशाचा हिशेब मिटला. आगमनाचा शिक्का विसरणे अवघडच, कारण तेव्हा गाडी अडवलेली असते. घोटाळे होतात ते बाहेर पडताना, रात्रीच्या घाईत. निर्गमनाचा शिक्का नसेल तर कागदोपत्री गाडी त्याच देशात राहते आणि शुल्काची मागणी निघू शकते. मात्र कस्टमने कार्नेटची मुदत संपल्यापासून वर्षाच्या आत संघटनेला कळवले पाहिजे, आणि गाडी बाहेर गेल्याचा पुरावा देण्यासाठी संघटनेला पुढे आणखी एक वर्ष मिळते. अशा वेळी गाडी दुसऱ्या देशात प्रत्यक्ष पाहून दिलेला अधिकृत दाखला कामी येतो.

अपघातात गाडीचा चुराडा झाला तरी तिला तशीच सोडून विमानाने घरी परतता येत नाही. शुल्क भरणे, ती सरकारजमा करणे किंवा अधिकाऱ्यांच्या देखरेखीखाली नष्ट करणे, एवढेच पर्याय करार देतो.

भारतात कार्नेटवर आलेल्या खासगी गाडीला साधारणपणे सहा महिने राहता येते. हिवाळ्यात गोव्याच्या किनाऱ्यालगत दिसणाऱ्या युरोपीय नंबरप्लेटच्या कॅम्परगाड्यांनाही ही मुदत पाळावी लागते. शिवाय २०२२ मध्ये केंद्र सरकारने परदेशी खासगी वाहनांसाठी वेगळे नियम केले. नोंदणीपत्र, वाहन चालवण्याचा परवाना आणि भारतात चालणारा विमा जवळ हवा. कागद इंग्रजीत नसतील तर अधिकृत इंग्रजी भाषांतर सोबत लागते. अशा गाडीतून इथले प्रवासी किंवा माल नेण्यास मनाई आहे.

सगळीकडे कार्नेट लागतेच असे नाही. युरोपीय संघाबाहेर राहणाऱ्या प्रवाशाला आपली गाडी तिथे सहा महिन्यांपर्यंत कार्नेटविना आणता येते. मेक्सिकोत सीमेलगतचा पट्टा ओलांडून आत जायचे असेल तर अनामत भरून १८० दिवसांपर्यंतचा तात्पुरता परवाना काढतात. इराणमध्ये गाडी नेण्यासाठी मात्र कार्नेट लागते.

महाराष्ट्रातून गाडी घेऊन नेपाळला जाणाऱ्यांना कार्नेटच्या भानगडीत पडावे लागत नाही. सुनौली किंवा रक्सौलची सीमा ओलांडली की नेपाळी कस्टममध्ये नोंदणीपत्र (आरसी) दाखवून, जितके दिवस राहायचे तितक्या दिवसांचे ‘भन्सार’ म्हणजे सीमाशुल्क भरायचे. दुचाकीचा दर चारचाकीपेक्षा कमी असतो आणि वर्षभरात एकूण ३० दिवसांची मर्यादा असते. परतीला उशीर होण्याची शक्यता असेल तर एखादा दिवस जास्तीचा भरून ठेवावा. मुदत उलटल्यावर होणारा दंड त्याहून महाग पडतो.